दोघांनी घालायचा टाका

आबा, हे मी आधी तात्यांना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मला काय सांगतीस पोरी? त्याला सांग." तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की भिंतीवरचा तुमचा फोटोसुद्धा पिवळा पडलाय. पण आपल्या घरात तात्यांचं कधी कुणी ऐकलं नाही, निदान एकदा ऐकावं म्हणून लिहायला बसले. तेव्हा आडवळण न घेता सांगते. तुमच्या विमानाची विंग तुमच्या भावानं, तात्यांनी, कापली नव्हती.

तुम्ही लगेच मान हलवाल आणि पुरावा मागाल, ठाऊक आहे मला. मीही तुमचीच मुलगी. सांगलीच्या शाळेत उभा जन्म पोरांच्या कॉप्या पकडण्यात गेला. बाहीतून, मोज्यातून, पट्टीच्या मागून चिठ्ठ्या काढल्या. दुधात पाणी नसेल त्या दिवशी दूधवाल्याच्या मनात काय आहे याची मला काळजी वाटते. हा स्वभाव तुमचा. हवाई दलातली फिटरची नोकरी संपवून गावी आलात तेव्हा एक लोखंडी ट्रंक आणलीत आणि एक वाक्य आणलंत. "मशीनवर कवा इश्वास ठिवायचा न्हाई. मानसावर ठिवला तर येकडाव चालंल." जेवताना, अंघोळीला जाताना, पाहुण्यांसमोर, कुठंही म्हणायचात. आई म्हणायची, "आवं, भाकरीवर तरी ठेवा इश्वास, गार हुतीया."

मग ते खोके आले. कुणा साहेबानं हौसेनं परदेशातून विमानाचे सुटे भाग मागवले, निम्मं जोडलं आणि बदली झाल्यावर तिथंच टाकून गेला. तुम्ही ते बेळगावहून ट्रकमध्ये घालून आटपाडीच्या पुढं आपल्या माळावर आणलंत. अख्खं गाव बघायला लोटलं होतं. दुष्काळ सरून फार दिवस झाले नव्हते, लोकांच्या पोटात अजून भीती होती. कुणी म्हणालं हे यंत्र ढग पळवून लावणार. कुणी म्हणालं ह्यातून सोनं आणायचा बेत दिसतोय. फौजदार दोनदा येऊन खोक्यांत डोकावून गेला, आणि खिळ्यांशिवाय काही दिसलं नाही म्हणून त्याचा संशय आणखीच वाढला. परवान्यासाठी तुम्ही मुंबईला हेलपाटे घालत होता, तर गावात उठलं की आबाला दुसरी बायको हाय. फक्त तात्यांनी काही विचारलं नाही. मेंढ्यांच्या शेडमधली निम्मी जागा झाडून दिली. एका बाजूला त्यांच्या मेंढ्या, एका बाजूला तुमचं विमान, मध्ये बाभळीच्या काट्यांचं कुंपण. तिथं लोकरीचा आणि डोपचा, म्हणजे कापड ताणून बसावं म्हणून वरून लावायच्या त्या रोगणाचा वास एकत्र येई. अजून नेलपॉलिशची बाटली कुणी उघडली की मला मेंढ्या आठवतात.

विंगेचं कापड शिवायचं काम मला जसंच्या तसं दिसतं. विंग उभी करून ठेवली आहे, लाकडी फासळ्यांवर पांढरं कापड चढवलं आहे. एका बाजूला आई बसली आहे, दुसऱ्या बाजूला मी. हातभर लांब सुई. आईनं अलीकडून खुपसली की माझ्या बाजूला टोक निघतं, मी ओढून घेते, फासळीला वळसा देऊन परत तिच्याकडं पाठवते, मग ती गाठ मारते. विंगेच्या जाडीतून आरपार जाणारा हा टाका एकट्यानं घालताच येत नाही. हात पोचत नाही आणि पलीकडं सुई कुठं निघते ते दिसत नाही. तुम्ही मागं उभं राहून प्रत्येक गाठ ओढून बघता. आई हसते, "ही वाकळच की वो! एवढ्यापायी इलायतेस्नं यायचं?" तुम्हीही हसता. वाकळ म्हणजे जुन्या लुगड्यांची गोधडी, आणि आईच्या वाकळीला आमच्या पंचक्रोशीत तोड नव्हती. सुट्टी संपली, मी सांगलीला कॉलेजात परत गेले. तुम्हालाही मुंबईला जावं लागलं. तुम्ही आलात तेव्हा शेवटची ओळ शिवून, तिच्यावर कापडी पट्टी चिकटवून तयार होती. तुम्ही टिचकी मारलीत. ढोलकीसारखी वाजली. "फस्क्लास," म्हणालात, आणि ती ओळ काही उसवून पाहिली नाहीत.

उडायला लागलात तेव्हा आधीचा तास नुसता संशयाचा असायचा. पेट्रोल चामड्यातून गाळायचं, मग हुंगायचं. तारा ओढून बघायच्या. प्रत्येक नट हातानं चाचपायचा. मग कापडावर टिचक्या मारत विंगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कान लावून चालायचं, कापड सैल पडलं तर आवाज बसका येतो म्हणून. एकदा मला मागच्या सीटवर बसवून नेलंत. माळ खाली गेला, माणगंगेची वाळू पांढरी चमकली आणि तात्यांची मेंढरं सांडलेल्या लाह्यांसारखी पांगली. मला वाटलं किती छान दिसतात. ती भिऊन पांगत होती, हे मला उतरल्यावर कळलं. त्याच मोसमात तात्यांच्या काही मेंढ्या गाभडल्या. ते तुम्हाला म्हणाले, "दादा, जरा लांबनं उडव रं. पोटातली जाय लागली जनावराच्या." तुम्ही म्हणालात, "वारं कुठनं येतंय त्यावर हाय ते, माज्या हातात न्हाई." खरं होतं, पण थोडं गोड बोलायला हवं होतं. माळावरून तुमचं दोघांचं तिथून बिनसायला लागलं.

तो दिवस मेंढ्या कातरायचा होता. मी दिवाळीला आले होते. शेडमध्ये मेंढ्यांची ही बें-बें, कातरींचा कचकच आवाज, लोकर उडतेय. तुम्ही टिचक्या मारत फिरत होता, पण त्या गोंगाटात तुम्हाला काय ऐकू आलं असेल देव जाणे. वर गेलात, ओढ्यावर वळण घेतलंत, आणि उजव्या विंगेवर काहीतरी पांढरं फडफडायला लागलं. आईनं माझा दंड धरला. विमान तिरकं होत ज्वारीत उतरलं, उतरलं कसलं, आपटलं. सगळ्यांत आधी तात्या धावले, हातात कातर तशीच. पट्ट्यात तुम्ही अडकला होता, पेट्रोल गळत होतं. त्यांनी पट्टे कातरीनं कापून तुम्हाला ओढून काढलं. तुम्ही डोळे उघडलेत तेव्हा पहिली दिसली ती तुमच्यावर वाकलेल्या भावाच्या हातातली कातर. दुसरी दिसली फासळीच्या कडेनं आखल्यासारखी सरळ फाटलेली विंग.

नंतर प्लास्टरातला पाय बाजेवर टाकून तुम्ही त्यांना अंगणात बोलावून घेतलंत. भावकी बसली होती. "मेंढ्या गाभडल्या म्हनून कातर चालवलीस व्हय रं माज्यावर?" तात्यांनी तोंड उघडलं. मग त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडं पाहिलं. दारात आई उभी होती, हाताला पीठ. त्यांनी तोंड मिटलं आणि म्हणाले, "म्या कापलं न्हाई. येवढंच." "मग कुनी कापलं?" ते गप्प. ती नजर मीही पाहिली आणि तुमच्यासारखाच तिचा अर्थ लावला. ज्याच्या मनात पाप तो बाईमाणसाकडं बघून दया मागतो, असं तुम्ही म्हणालात. तात्यांनी मेंढरं हाकली आणि माळाच्या दुसऱ्या टोकाला काट्यांचं कुंपण करून त्यांच्यासाठी नवा वाडगा घातला. तुम्ही पुन्हा उडाला नाहीत. इंजिन विकलंत, बाकीचं गंजू दिलंत, पण ती विंग ताडपत्रीत गुंडाळून शेडच्या तुळईवर टांगलीत. "पुरावा हाय. कुनी हात लावायचा न्हाई." भावकीनं तात्यांना पंगतीतून उठवलं नाही, पण त्यांच्या शेजारी बसायलाही कुणी उत्सुक नसायचं. तुम्हाला खांदा त्यांनी दिला तेव्हाही माणसं कुजबुजली. मी त्यांच्या हातांकडं बघत होते.

यंदा वळवाच्या वाऱ्यानं शेडचे पत्रे उडाले आणि विंग खाली आली. भंगारवाल्याला द्यायच्या आधी मी ती उघडली. संशयी बाई, न बघता कसं देईन? आत फाटक्या लोकरीचं आणि कापसाचं उंदराचं घर होतं, कधीचं वाळून गेलेलं. फासळीवरच्या टाक्यांचे दोरे आतल्या बाजूनं कुरतडलेले होते. ओळीनं. कातरीनं कापलेला दोरा एकसारखा तुटतो, हा चघळलेला होता, टोकाला पिंजलेला. टाके आतून गेल्यावर वाऱ्यानं कापड फुगलं आणि फासळीच्या कडेनं सरळ फाटत गेलं. उंदीर पोचला होता शेवटच्या कोपऱ्यात. तिथं हिरव्या इरकली लुगड्याची छोटी पुरचुंडी लाल दोऱ्यानं अडकवलेली होती, तळाला भोक पाडलेली, रिकामी. हात लावायच्या आधीच मला कळलं. वाकळ उपाशी ठेवू नये म्हणतात आपल्यात. शेवटचा कोपरा बंद करताना आत भाकरीचा घास शिवायचा, म्हणजे पांघरणाऱ्याला कधी कमी पडत नाही. आईनं तुमच्या विमानाला घास भरवला होता, आबा. तुम्हाला कमी पडू नये म्हणून.

मी तशीच तात्यांच्या घरी गेले. ते ओट्यावर बसून हातानं लोकर कातत होते, दिसतं आता त्यांना जेमतेम. सगळं सांगितलं. ते कातत राहिले.

"बरं," म्हणाले.

"बरं काय, तात्या? साऱ्या भावकीला गोळा करून सांगते आता."

"आनि वैनीला?"

मी हातातली पिशवी खाली ठेवली.

"तिच्या हातच्या घासानं न्हवरा पडला, आनि त्येच्यापायी सख्खे भाऊ तुटले, आसं सांगनार हायस व्हय तिला? ह्या वयात?" त्यांचा हात थांबला. "म्या काय मेलो न्हाई त्या बोलन्यानं. ती मरंल."

"म्हणजे कुणालाच सांगू नको?"

"मला काय सांगतीस पोरी? त्याला सांग. त्याला ठावं पायजे. आनि ते लक्तार जाळून टाक."

एसटीत बसल्यावर मला राग आला, आणि मग सवयीनं संशय आला. हा माणूस चकित कसा झाला नाही? इतक्या वर्षांनी सुटका झाली तर माणूस रडतो, शिव्या देतो, निदान उंदीर कुठून शिरला ते तरी विचारतो. विट्यापर्यंत मी तेच घोळवत होते. मग तो लाल दोरा डोळ्यांसमोर आला. पुरचुंडी ज्या टाक्यानं अडकवली होती तो विंगेच्या आरपार गेलेला होता. मी सांगलीत होते. तुम्ही मुंबईत होता.

सांगलीला घरी आले तर आई पावटे सोलत बसली होती. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "आई, आबा नसताना विमानाची सुई पलीकडनं कोण द्यायचं गं?"

"तात्या की. दुसरं कोन हुतं तितं?" ती म्हणाली. "घोंगड्या शिवून हात बसल्याला त्याचा. घास ठिवला तवा हसला हुता मला, वैनी, म्हनला, इमान काय जेवतंय व्हय. का गं?"

"काही नाही. असंच."

तिनं माझ्याकडं जरा जास्तच वेळ पाहिलं, मग परत पावट्यांत हात घातला.

म्हणजे ज्वारीत तुम्हाला ओढून काढताना फाटलेल्या विंगेत ती कुरतडलेली पुरचुंडी त्यांनी पाहिली असणार. अंगणात तोंड उघडलं तेव्हा शब्द ओठांवर असणार, आणि दारात पिठाच्या हातांनी आई उभी. मला संशय आहे, आबा, की त्या नजरेत दया मागणं नव्हतं. तुमचंच वाक्य तुम्ही उलटं वापरलंत. मशीनवर विश्वास ठेवलात आणि माणसावर नाही. मला तुमचा राग येतो. आणि तुम्ही हे कळायच्या आधीच गेलात याचं वाईटही वाटतं, दोन्ही एकदमच.

विंग मी जाळली, लाल दोऱ्यासकट. आईला सांगितलं, आत काही नव्हतं. हे पत्रही गॅसवर धरणार आहे, कारण ती माझे कागद वाचते, स्वभाव घरचाच आहे. एक मात्र राहिलं. "तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं ना?" एवढं विचारायलाच मी परवा तात्यांकडं पुन्हा गेले होते. त्यांनी आत चहा सांगितला. त्या दिवाळीपासून त्यांच्या घरचं मी पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. चहात साखर फार होती. विचारायचं ते मी विचारलंच नाही, आबा. चहा मागून पुन्हा घेतला आणि घरी आले.