नारळी पुनवेपर्यंतची मुदत

प्रिय वासंती,

तुझ्या नंबरवर येणारे कर्जवाल्यांचे फोन आजपासून मी उचलणार नाही. तू गेल्यापासून उचलत होतो, पहिल्याच रिंगला. पण फोन तुझा, कर्ज तुझ्या नावावर, मग तुला न सांगता परस्पर कसं ठरवू? म्हणून हे लिहायला बसलो. तू होतीस तेव्हा तुला कधी एक ओळ लिहिली नाही आणि आता पानं भरतोय, यावर तू काय म्हणाली असतीस ते मला ठाऊक आहे.

गोव्याच्या हॉस्पिटलातली ती दुपार तुला आठवते ना? इंजेक्शन बाहेरून आणायचं होतं, गाडीवाला पैशांसाठी खाली थांबलेला. पावसाळ्यामुळे पर्यटकांच्या होड्या वर ओढून ठेवलेल्या, म्हणजे माझा पगार बंद. मालक नव्या हंगामाची उचल देतो ती नारळी पौर्णिमेला, दर्याला नारळ दिल्यावरच. त्याआधी कोणी मागितले तर त्याला अपशकुन वाटतो. शेजारच्या खाटेवरच्या बाईंचा मुलगा म्हणाला, मोबाइलवर लगेच कर्ज मिळतं, पगार झाला की फेडायचं. माझा फोन बटणांचा. तू पर्यटकांच्या घरगुती खानावळीत जेवण करायचीस, तो पगार तुझ्या खात्यावर यायचा. म्हणून तुझ्याच फोनवर, तुझ्याच नावाने घेतलं.

त्यात विचारलं होतं, पगार कधी होतो? तू उशीवरूनच म्हणालीस, "सांगा तेंका, नारळी पुनवेक." इतकी हसलीस की नर्स रागावली. त्या महिन्यात तू तेवढं एकदाच हसलीस.

मग त्यांनी फोटो मागितला, तेव्हाच्या तेव्हा काढलेला, चेहरा स्पष्ट दिसेल असा. "रवा, केस सारके करतंय," म्हणत मला थांबवलंस. एका हाताला सलाईन, तरी दुसऱ्या हाताने फणी फिरवलीस, टिकली सरळ केलीस. कर्ज काढायला कोणी एवढं नटतं का गो? तो तुझा शेवटचा फोटो ठरला. मी घाईत काढला, धड बघितलाही नाही आणि त्यांना पाठवून मोकळा झालो.

मुदत आठवड्याची होती. मी घाबरलो तर तूच धीर दिलास. दर आठवड्याला थोडे भरून मुदत वाढवत राहायची आणि नारळीला उचल मिळाली की सगळं फेडून टाकायचं. "पुनव काय लांब नाय," म्हणालीस. मला पटलं. पैशांचं तू म्हणालीस आणि मला पटलं नाही, असं कधी झालंय?

इंजेक्शनाचा उपयोग झाला नाही, वासंती. हे तुला सांगायची गरज नाही, पण मला अजून कोणाला तरी सांगावंसं वाटतं.

तुझं तेरावं झालं आणि मी मुदत वाढवत बसलो. दर आठवड्याला मुदतवाढीचे पैसे जात होते, मुद्दल होतं तिथेच होतं. भोक पडलेल्या होडीतलं पाणी उपसत बसावं तसं चाललं होतं. तुझ्या कोंबड्या विकल्या. हो, ती तांबडीसुद्धा. आपली सई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. कॉलेजात जाणारी पोर, पण कोंबडीसाठी लहान मुलीसारखी रडली.

एक दिवस जरी उशीर झाला तरी फोन सुरू व्हायचे. "मॅडमला द्या." मी सांगायचो, मॅडम वारल्या. पलीकडचा पोरगा म्हणायचा, "सगळे असंच सांगतात. पैसे भरा, नाहीतर मॅडमचा फोटो त्यांच्या फोनमधल्या सगळ्या नंबरांवर जाईल, खाली चोर लिहून." मला भीती होती ती एवढीच. बचत गटाचे पैसे तू वर्षानुवर्षं सांभाळलेस, कधी चार आण्यांचा घोळ नाही, आणि तू गेल्यावर वाडीतल्या बायकांच्या मोबाइलवर तुझ्या तोंडाखाली तो शब्द? ते मला सोसणारं नव्हतं. भरत राहिलो. पौर्णिमेकडे डोळे लावून भरत राहिलो.

आणि मग शिरोड्याहून तुझ्या आयेचा फोन आला. "जावयबापू, यंदा अधिक श्रावण आसा. वाण देवचां आसा, येवा."

अधिक श्रावण! म्हणजे ही पौर्णिमा नारळाची नव्हेच. नारळ पुढच्या, निज श्रावणात, म्हणजे आणखी महिन्याने, उचलही तेव्हाच. गावाला माहीत होतं, शेंबड्या पोरांना माहीत होतं, मला नव्हतं. तू गेल्यापासून घरात कॅलेंडरकडे बघतंय कोण? पण तू कशी विसरलीस गो? संकष्टीपासून गणपतीपर्यंत घरातल्या सगळ्यांना तूच आठवण करून द्यायचीस. तुझ्यावर रागावलो मी, खरंच रागावलो. मग आठवलं, तेव्हा तुला ताप किती होता. आणि राग काढायला तरी कोण उरलं?

तरी शिरोड्याला गेलो. शेजारीण दारातच म्हणाली, "गो, लेक जावन वरीस नाय झालां, वाण कसलां देतंस?" तुझी आये चुलीपासून उठली नाही. म्हणाली, "माझां चेडू गेलां म्हणान जावय थोडोच गेलो?" आणि अनारशांचं ताट आणून, वर दिवा लावून तिने माझ्या हातात दिलं. मी अनारसा खाल्ला आणि तिच्यासमोर रडलो. कर्जाचं मात्र बोललो नाही. आधीच किती द्यायचं तिला?

त्या आठवड्यात भरायला काहीच नव्हतं. काल संध्याकाळी सई तुझा फोन घेऊन धावत आली. त्यांनी तुझ्या फोनमधल्या सगळ्यांचा ग्रूप केला होता. तुझा हॉस्पिटलातला फोटो, आणि खाली इंग्रजीत काहीबाही, चोर, फसवणूक. मी ओटीवरच बसलो. फोनकडे बघवेना, सईला म्हटलं, तूच वाच.

पहिली तुझी कोळंबीवाली मैत्रीण. तिला इंग्रजी कुठलं? तिने फोटो बघितला आणि हात जोडले. मग बचत गटातली एकेक. भावपूर्ण श्रद्धांजली. वासंतीवहिनींच्या आत्म्याला शांती लाभो. फुलं, दिवे. बायकांना वाटलं, तुझ्यासाठीच कोणीतरी ग्रूप काढला. सईच्या शाळेतले गुरुजीही त्यात होते. त्यांना इंग्रजी येतं, त्यांनी सगळं वाचलं असणार. त्यांनीही लिहिलं, फार भली बाई होती. कर्जवाल्यांच्या त्या पोराने पुन्हा लिहिलं, पैसे बुडवून पळाली म्हणून. त्याच्याखाली आणखी दिवे आले.

शेवटी तुझी आये बोलली, शेजाऱ्यांच्या सुनेच्या फोनवरून, आवाज भरून पाठवला. "बाबा, तू कोण ता माका म्हायत नाय. तिचो ह्यो फोटो आमच्याकडे नव्हतो. केस किती बरे इंचरलेहत. पाठयलंस, बरां केलंस."

त्यानंतर तो नंबर गप्प झाला.

सई आणि मी रात्री जेवलो नाही. तुझं नाव मी इतके दिवस जपत होतो, ते वाडी माझ्यापेक्षा जास्त जपून होती.

तर आता ऐक. आज सईला घेऊन पोलिसांत जातोय. औषधासाठी घेतलेलं मुद्दल तुझ्या नावावरचं आहे, ते नारळाचा दिवस उजाडला की फेडीन, एक रुपया ठेवणार नाही. मुदतवाढ मात्र यापुढे नाही. तुझ्या आयेला तो फोटो मोठा करून नेऊन देईन.

सगळ्या गावाने तो बघितला, वासंती. फक्त मीच नाही. काढताना बघितला नाही, नंतर छातीच झाली नाही. आज बघेन, तुला शब्द देतो.

तुझाच,
मोहन