मनूकडे चावी मागायची नाही

२ एप्रिल
अमिषाची तारीख निघाली. आठ मेला हळद, नऊला लग्न. नातीचं लग्न, म्हणजे सगळं माझ्याच डोक्यावर. माझा मुलगा शिवदास, त्याला डंपरपलीकडे काही कळत नाही. सून दिवसभर मोबाईलवर ब्लाऊजचे गळे बघते.

हळदीच्या सकाळी देव पेटीतून काढून पाटावर बसवायचे. पहिली हळद त्यांना, मग नवरीला. पेटी आपल्या घरी, चावी मनूच्या घरी. मनुबाई म्हणजे माझी धाकटी जाऊ, बांधापलीकडे तिसरं घर. सासऱ्यांनी जाताना अशी वाटणी केली. दोन्ही घरं एकत्र आल्याशिवाय देव निघायचेच नाहीत. सासरे शहाणे होते. फक्त सुनांना ओळखत नव्हते.

मनूशी मी अकरा वर्षं बोलत नाही. शिवदासच्या घरभरणीला चारचौघांत म्हणाली, बायच्या बिरड्याला मीठ कमी हाय. मिठागरवाल्यांच्या घरात! आमच्या तीन पिढ्यांनी मीठ पिकवलं आणि ही मला मीठ शिकवणार. ह्या अकरा वर्षांत घरात लग्न नव्हतं म्हणून निभावलं. पेटीला बाहेरूनच फूल वाहते.

चावी मागायची नाही. ठरलं.

४ एप्रिल, दुपार
शिवदास म्हणतो, आय, हातोडा मारू का, दोन मिनिटांचं काम. मूर्ख. देवाच्या कुलपावर हातोडा? कुलूप फोडणं वेगळं आणि समजावणं वेगळं, म्हटलं. तर म्हणतो, मग काकीलाच समजाव, ती तरी माणूस हाय. त्याला शेवटी वाढलं. माशाचं डोकं दिलं नाही.

अमिषाच्या मोबाईलवर एक दाढीवाला सापडला. बिनचावीचं कुलूप उघडून दाखवतो. केसांचे दोन आकडे घ्यायचे. एक टोकाला वाकवायचा, त्यानं कुलपाला हलकं वळण देऊन धरायचं. दुसरा सरळ आत घालून एकेक खुंटी वर उचलायची. झालं. एवढ्यासाठी लोक चावीवाल्याकडे धावतात.

मी तिसरी पास आहे. चौथीत असते, पण मिठागरावर गेले. आठ दिवसांत येईल. दहा धरू.

६ एप्रिल
आकड्यांचं एक कार्ड आणलं. डझनाचं. दुकानातली हेतल म्हणते, आजी, लग्नात मोठा अंबाडा घालणार वाटतं. माझा अंबाडा लिंबाएवढा. म्हटलं, घालीन नाहीतर विळ्याला लावीन, तू पुडी बांध.

दाढीवाला दर मिनिटाला दोस्तो, दोस्तो करतो. मी त्याची दोस्त नाही. शिकणाऱ्यानं आधी आतलं दिसणारं कुलूप मागवावं म्हणतो. काचेसारखं. आतलं दिसतंय तर कुलूप लावायचं कशाला? हा मुलगा कुणाच्या घरात वाढला कोण जाणे.

९ एप्रिल, सकाळी ११
जुन्या ट्रंकेचं कुलूप घेतलंय सरावाला. आज टक् असा आवाज आला. पहिली खुंटी बसली. अमिषा म्हणते तो पंख्याचा आवाज. तिला दाखवायला पंखा बंद केला. आवाजही बंद झाला. योगायोग.

१३ एप्रिल
उघडलं!!
शेजारच्या नीराबाईच्या न्हाणीघराचं कुलूप. ती बाजाराला गेली होती तेवढ्यात. आकडा घातला, जरा हलवला, आलं हातात. मिनिटसुद्धा लागलं नाही. दाढीवाल्याला चार महिने लागले, असं तो स्वतः म्हणतो. लाज नाही सांगायला.

संध्याकाळी नीराबाईला सांगितलं. ती म्हणते, ठमाकाकी, त्याला काय उघडायचं, ते गणपतीपासून बिघडलंय, ओढलं की येतं. काही बायकांना दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही.

१९ एप्रिल
शिवदासच्या डंपरच्या डिझेलच्या टाकीला कुलूप असतं. म्हटलं, आता जरा अवघड घ्यावं. अर्धा आकडा आत राहिला.

सकाळी डंपर निघालाच नाही. टाकी उघडेना. ड्रायव्हर, शिवदास, गॅरेजवाला, सगळे वाकून बघतायत. मी पडवीतून म्हटलं, खारी हवा आहे, गंज धरतो. शिवदास माझ्याकडे बराच वेळ बघत होता. उन्हामुळे असेल.

२४ एप्रिल
चार दिवस सराव नाही. पापड होते. चष्म्याची काडी ढिली झाली. शिवाय उष्मा. सून म्हणते, तुमचे हात थरथरतात. थरथरत नाहीत. बारीक काम करणाऱ्याचे हात असेच जिवंत असतात. तिचे हात कधी हललेले मी बघितले नाहीत.

ठराव: उद्यापासून पहाटे एक तास.

२८ एप्रिल
ट्रंकेचं कुलूप उघडलं नाही अजून. पण ते चायनाचं आहे. चायनाच्या मालावर वेळ कोण घालवणार? थेट पेटीला हात घातला.

पितळी कुलूप, मुठीएवढं. आता कळतंय की ह्याच्या आत खुंट्याच नाहीत, पट्ट्या आहेत. दाढीवाल्याचा त्यावर वेगळा व्हिडिओ आहे, अठ्ठेचाळीस मिनिटांचा. शेवटची दोन मिनिटं बघितली. उघडलं शेवटी. म्हणजे उघडतं. पुरे.

२ मे
आकडा मोडला. टोक आत. काही हरकत नाही, आत वंगणासारखं काम करेल.

४ मे
आणखी दोन टोकं आत. मागची बाहेर काढायला गेले तर पुढची गेली. खोबरेल तेल घातलं. आता आकडा आत सरकतो तरी छान.

नीराबाई सांगत होती, मनुबाई हल्ली तुमच्या घराकडं बघत बांधावर उभी असते. तुम्ही दिसलात की आत पळते. म्हटलं, पळणारच. चावी हातात धरून बसली असेल, मी कधी वाकते याची वाट बघत. वाट बघ म्हणावं.

६ मे, सकाळ
मांडव चढतोय. नातजावयाकडची माणसं आगरदांड्याहून फोन करतात, हळदीला किती वाजता येऊ. सून मला विचारते, देव निघाले का? निघतायत, म्हटलं. देव काय बस आहेत, वेळेवर निघायला?

आकड्यांचं कार्ड संपलं. तेल संपत आलं.

७ मे, दुपारी ४
अमिषा आली. मेंदीचे हात वर धरून बसली. म्हणते, आजी, माझ्या बाबांना देवांच्या आधी हळद लागली नव्हती, आजोबांना नव्हती, मग मलाच का? मीच जाते धाकट्या आजीच्या पाया पडायला.

पोरीला रडू फुटलं. मेंदीच्या हातांनी डोळे पुसता येईनात. माझ्या पदराला पुसले. पदर धुवायला टाकला.

ह्या घरातली पोर कुणाच्या पाया पडणार नाही. तेही मनूच्या! मी जाते. मागायला नाही. सांगायला, की चावी घेऊन ये, तुझं ते काम आहे.

७ मे, संध्याकाळी
गेले होते.

अकरा वर्षांत मनू वाळून खारा बोंबील झालीय. मला बघून उठायला गेली, पाट सरकला, पुन्हा बसली. मी तोंड उघडायच्या आत रडायला लागली. म्हणते, बाय, चावी नाय. छपराचे पत्रे उडाले त्या वादळात फळी गेली, फळीवरचा डबा गेला, चावी डब्यात. तीन दिवस चिखल चाळला म्हणते. तुला कोणत्या तोंडानं सांगू? लग्न ठरल्यापासून जेवण जात नाय.

म्हणजे मी तिच्याकडे मागत नव्हते, आणि ती मी मागेन म्हणून मरत होती.

मी अकरा वर्षं बोलणी जमवून ठेवली होती. आंघोळ करताना, तांदूळ निवडताना. एकाहून एक. एकही वापरता येईना. चावी हरवलेल्या बाईला काय सांगणार, की दे? म्हटलं, रडतेस काय म्हातारे, उद्या नऊ वाजता ये. आणि पातळ बरं नेस.

मग तिनं हळूच विचारलं, बाय, कुलूप तरी बरं हाय ना?
मी म्हटलं, बरं आहे.

८ मे, हळद
शिवदासनं अलिबागहून चावीवाला आणला. सगळा मांडव भोवती. मनू माझ्या शेजारी. चावीवाल्यानं कुलपाला बॅटरी लावली, आत बघितलं, वास घेतला, आणि विचारलं, ह्यावर कुणी काम केलंय?

मनू म्हणाली, उंदीर असतील. चावीवाला म्हणाला, मावशी, उंदीर केसांना आकडे लावतात का?

चिमट्यानं सात तुकडे काढले. मला पाचच आठवतात. वर्तमानपत्रावर ओळीनं मांडले, तेलासकट. आगरदांड्याची एक बाई मोबाईलवर फोटो काढत होती. मग त्यानं एक वाकडी तार घातली, आणि कुलूप उघडलं. शिवदासनं विचारलं, एवढ्यात? तो म्हणाला, कुलूप साधं हो, वेळ कचऱ्यानं खाल्ला.

मनू माझ्याकडे बघत होती. मी देवांकडे बघत होते.

देव पाटावर बसले. पहिली हळद त्यांना. एक हात माझा, एक मनूचा, कारण दोन्ही घरांचा लागतो. मग अमिषाला. हसत होती पोर. बरी दिसत होती. हळद मनूनं जास्त कालवली होती, पण आज बोलले नाही. उद्या बोलेन.

चावीवाल्याचं म्हणाल तर, आतल्या पट्ट्या माझ्या तेलानं ढिल्या झाल्या होत्या. नाहीतर त्याला दिवस लागला असता.

११ मे
पाहुणे गेले. देव पेटीत गेले. शिवदासनं पेटीला नवीन कुलूप आणलं. दोन चाव्या. म्हणतो, एक आयकडं, एक काकीकडं, आता भांडा नायतर बोला, देव अडायला नकोत. मनूनं तिची तिथल्या तिथं काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातली. बावळट दिसते. गुरासारखी.

मी काही गळ्यात बांधणार नाही. वस्तू जागेवर ठेवायची शिस्त असली की दोरे लागत नाहीत.

१२ मे, सकाळी ७
माझी चावी कालपासून सापडत नाही. मनूला कळता कामा नये.