एकदाच निवडलेल्या पेशींबाबत

प्रथम दुरुस्ती. ३ जुलैच्या मृत्युपत्रात मी लिहिले होते की माझ्या प्रतिपिंडाच्या पेशी मी दोनदा निवडून वेगळ्या केल्या. ते खोटे आहे. मी त्या एकदाच वेगळ्या केल्या. ते मृत्युपत्र रद्द समजावे.

मी सुंदुस बिन्त तिजानी, वय एकतीस, अविवाहित, मूळची करकेना बेटावरची, आता राहणार स्फाक्स. डोके ठिकाणावर आहे. हे लिही म्हणून माझ्यावर कुणाचा दबाव नाही. लिहू नकोस म्हणून आहे.

कलम १. पेशीला दोन होण्यापासून रोखणारे पी-२७ नावाचे एक प्रथिन असते. ते कर्करोगाच्या गाठीत भरपूर दिसले तर गाठ सावकाश वाढणारी समजतात. ते दाखवणारे प्रतिपिंड मी उंदराच्या पेशींपासून तयार केले. अशा पेशींतून एकच पेशी उचलून तिचा वंश वाढवायचा आणि खात्रीसाठी हीच निवड पुन्हा करायची, असा नियम आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये बकरी ईदसाठी प्रयोगशाळा आठवडाभर बंद राहणार होती. बेटावर जाणारी बोट चुकू नये म्हणून मी पहिल्या निवडीच्याच कुप्या गोठवल्या आणि वहीत लिहिले, ‘दुसरी निवड पूर्ण’. परत आल्यावर करू म्हटले. केली नाही.

त्या कुप्यांत दोन वंश होते. दुसरा जोमाने वाढला. त्याचे प्रतिपिंड कुठल्याही पेशीला चिकटते आणि पी-२७ नसले तरी रंग येतो. २०१८ पासून आम्ही इस्पितळाला दिले ते बहुतेक हेच.

कलम २. त्यावरून त्रेचाळीस बायकांना ‘धोका कमी, कडक औषधांची गरज नाही’ असा अहवाल मिळाला. त्यांतल्या दोघी आज हयात नाहीत. एक्केचाळिसावा अहवाल माझा आहे. गेल्या डिसेंबरात माझी गाठ काढली, तेव्हा आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉ. नेझिहांनी तो अहवाल पाहून सगळ्यांना बदामाची मिठाई वाटली होती.

या उन्हाळ्यात मी राहिलेली दुसरी निवड केली, शुद्ध वंश मिळवला आणि सर्वांत आधी माझ्या स्वतःच्या गाठीची काचपट्टी पुन्हा रंगवली. ती कोरी राहिली. तीनदा रंगवली, तीनदा कोरी. म्हणजे माझ्या गाठीत पी-२७ नाही.

डॉ. नेझिहांना दाखवली. त्या हसल्या. “अगं, तू परीक्षेआधीच नापास झाल्याचा अर्ज लिहून ठेवणारी! चांगला अहवाल आला म्हणून कुणी रडतं का?”

“मॅडम, त्या बायकांना सांगायला हवं.”

“काय सांगणार? की सुंदुसबाईंना ईदची घाई होती?” मग दार लावून घेऊन हळूच म्हणाल्या, “बाळ, तुझं नाव जाईल, माझं जाईल, ही खोलीही जाईल. तू आजारी आहेस. आजारी माणसाचं कोण ऐकतं?”

त्यांनी मला सात वर्षे शिकवले आणि माझ्या ऑपरेशनच्या रात्री त्या बाकावर बसून होत्या. हेही लिहिले पाहिजे. काल माझी किल्ली शीतपेटीच्या खोलीला लागली नाही. जुन्या कुप्या येत्या शुक्रवारी टाकून देणार, असा कागद दारावर आहे.

कलम ३. शुद्ध वंशाच्या दोन कुप्या मी आधीच बाहेर काढून अब्दर्रऊफ यांच्या विभागात ठेवल्या आहेत. हे इस्पितळात काचपट्ट्या रंगवतात. मी मेले तरी त्या कुप्या कुणा एकाच्या ताब्यात देऊ नयेत. माझी गाठ मेणात जपलेली आहे, ती पुरू नये. कुणालाही तपासायची असेल तर द्यावी.

कलम ४. आईवडिलांचे वाटे कायद्याने ठरलेले आहेत, त्यात मी बोलत नाही. भाऊ लुत्फीने नेलेली माझी सायकल त्याच्याकडेच राहू दे. निदान साखळीला तेल घालावे.

कायद्याने मला मर्जीप्रमाणे देता येणाऱ्या एक-तृतीयांश हिश्शातून शिलाई मशीन, रेडिओ आणि लोकरीची गादी तुर्किया आत्याला द्यावी. शाळेआधी तिनेच मला आकडे शिकवले. ऑक्टोपस धरायची मडकी समुद्रात सोडताना मोजायची, ओढतानाही मोजायची. एकदा एक मडके कमी भरले आणि मी ‘सगळी आली’ म्हटले. ती म्हणाली, “तुझ्या तोंडाने आलं होय ते? चल, फिरव होडी.” मागच्या महिन्यात तिला सगळे सांगितले, तर विचारते, “मेल्या त्या दोघींची नावं काय?” मला ठाऊक नव्हती. आता ठाऊक आहेत, पण ती इथे लिहिण्याचा हक्क मला नाही.

कलम ५. डॉ. नेझिहांना माझ्या जनाज्याला येऊ द्यावे. बोलू देऊ नये.

कलम ६. इस्पितळात गाठींच्या तज्ज्ञांची सभा भरते. तिथे मी वही, दोन्ही वंशांच्या काचपट्ट्या आणि त्रेचाळीस जणींची यादी ठेवणार आहे. पहिली काचपट्टी माझी असेल. त्याआधी मला काही झाले तर हे काम अब्दर्रऊफ यांनी करावे. त्यांनी होकार दिला आहे.

साक्षीदार: अब्दर्रऊफ बिन मन्सूर (सही). घरमालकीण झकिया बिन्त साल्हा (सही). आत्याला वस्तू मिळणार आहेत म्हणून तिला साक्षीदार केलेले नाही.

सुंदुस बिन्त तिजानी (सही)
स्फाक्स, शनिवार, १२ ऑक्टोबर २०१९

सही करण्याआधी अब्दर्रऊफ यांनी कागद वाचला आणि म्हणाले, “ताई, सभा लिहिलीस, दिवस नाही लिहिलास. पुढं ढकलायची वाट ठेवलीस होय?” ठेवली होती. म्हणून दोघांच्या समोर लिहिते: गुरुवार, १७ ऑक्टोबर २०१९, सकाळी साडेआठ.