या वस्तीत कुणी मरत नाही

प्रिय अक्का,

पत्र बघून दचकू नकोस. मी धडधाकट आहे आणि ही नोकरीही अजून सोडलेली नाही. तू म्हणशील, हातात फोन असताना ह्याला कागद कशाला लागला. फोनवर तू पाण्याचं सांगतेस, मी जेवणाचं सांगतो आणि तेवढ्यात बाबा मागून "स्पीकर लाव" म्हणतात. खरं बोलायचं ते राहूनच जातं. सहावी नापासाचं अक्षर आहे, लावून घे.

हैदराबादेत आठ महिने झाले. एवढा मी कुठंच टिकलो नव्हतो. शेंद्र्याची कंपनी, जालना रोडचं हॉटेल, सिल्लोडला मक्याची पोती, सगळीकडून पळालो. इथं एका ऑफिसात चहा करतो, कागदांचे गठ्ठे ह्या टेबलावरून त्या टेबलावर नेतो. सगळी शिकलेली माणसं. त्यातल्या वैदेही मॅडम आपल्या शहरातल्या, माहेर गुलमंडीच्या मागं. एकदा "लई गरम हाय, बेतानं" म्हणून मी कप ठेवला तर त्या हसल्याच. "कुठला रे तू?" म्हटलं, "मुकुंदवाडी. रुळाच्या पल्याड. तुमच्याकडची माणसं येत नाय तिकडं." तर म्हणाल्या, "रोज येते की. इथं बसून." तेव्हा मला वाटलं, बाई चेष्टा करतीय.

पण ते खरंच होतं. आपल्याकडं सरकारला वस्त्यांमध्ये दवाखाने काढायचेत आणि आधी कुठं काढायचे ते ह्यांच्या कामावरून ठरणार आहे. रेशनची यादी, दवाखान्याची, शाळेची, जन्ममृत्यूची, सगळ्या वेगवेगळ्या. त्यातलं माणसाचं नाव आणि आधार पुसून त्याच्या जागी भलताच आकडा देतात आणि त्या आकड्यानं याद्या एकमेकींना जोडतात. मग एका बाईला रेशन मिळतं का, ती कितीदा दवाखान्यात गेली, तिची पोरं शाळेत टिकली का, सगळं एका ओळीत दिसतं. ती बाई कोण, हे मात्र मॅडमलाही कळत नाही. अक्का, मला हे लई पटलं. आपल्याला कुठंही गेलं की आधी गाव विचारतात, मग आडनाव. इथं कुणीतरी ते दोन्ही न विचारता नुसतं दुखणं विचारतंय असं वाटलं.

म्हणून मीच एकदा म्हणालो, आमची वस्ती दाखवा ना. त्यांनी शहराचा नकाशा उघडला. जिथं दवाखान्याची जास्त निकड तिथं गडद लाल, निकड कमी तसा रंग फिका. रुळाच्या पल्याडचा आपला तुकडा जवळजवळ पांढरा. मॅडम कौतुकानं म्हणाल्या, "बघ, दोन वर्षांत इथं एकही मृत्यू नाही. यादीत शेवटी आहे तुमची वस्ती. चांगलंच आहे की."

मी उभ्या उभ्या बोटं मोजली. टँकर आठव्या दिवशी यायचा तो उन्हाळा. ड्रमातलं हिरवट पाणी, घरोघर कावीळ. सांडूमामाची बायको. कचरूची तीन महिन्यांची पोर. मग आपली माय. आणखी चार मला नावानिशी आठवले. सातही जणांना आपण काय केलं? जीप केली आणि गावाकडं नेलं. माती गावातच पडली पाहिजे, शहराच्या मसणवट्यात कोण जाळतंय आपल्या माणसाला, असं सांडूमामा म्हणायचा ना. मायच्या वेळी दहावा केला, कावळा शिवेना म्हणून दोन तास उन्हात बसलो, तेरावा केला. मृत्यूच्या नोंदीचा कागद कुणालाच आठवला नाही. गावाला वाटलं शहरात नोंद झाली असेल, शहराला तर पत्ताच नाही. पुढं आठवला तेव्हा बाबा म्हणाले, "ऱ्हाऊ दे, रेशनकार्ड तिच्याच नावावर हाय." आणि पुढच्या महिन्यात टॅब घेऊन ती सर्व्हेवाली पोरगी आली, तिला दारात मीच सांगितलं, माय गावाला गेलीय. बाबांनी शिकवलं नव्हतं. तांदळासाठीही नव्हतं. तोंडातून दुसरं काही निघालंच नाही.

मॅडमला म्हणालो, "हे चुकलंय. लई मेलेत तिथं. आमची माय मेली." त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "बन्सी, तुझ्या सांगण्यावरून मला एक आकडाही हलवता येत नाही. आज तुझ्यासाठी हलवला तर उद्या कुणासाठीही हलवावा लागेल. नोंद झाली तर ती आपोआप इथं येईल." मी विचारलं, मग माझी माय तुमच्यात काय म्हणून आहे? "कोण ते मला कळणार नाही. पण जिच्या मृत्यूची नोंद नाही आणि रेशन चालू आहे, ती बाई आमच्या हिशेबी जिवंत." म्हणजे अक्का, त्या यंत्रात आपली माय अजून दर महिन्याला धान्य उचलते आणि कधी आजारी पडत नाही. आणि तुझ्या श्रेयाला ताप भरला की तू तिला कडेवर घेऊन दोन रिक्षा बदलत घाटीच्या सरकारी दवाखान्यात जातेस.

दिवाळीनंतर दवाखान्यांची यादी पक्की होणार. त्याआधी नोंद झाली पाहिजे, गावाच्या नाही, मुकुंदवाडीच्या पत्त्यावर. वर्ष उलटलंय म्हणून तहसीलातून हुकूम आणावा लागेल, चार चकरा होतील. दाजींना बरोबर घे. सांडूमामाला आणि कचरूला हे वाचून दाखव, त्यांनाही ने. बाबा चिडतील. त्यांना सांग, कार्डावरचं मायचं नाव कमी करायला बन्सीनं सांगितलंय. पण अर्जाला शेवटी जवळ असलेल्या माणसाची साक्ष लागते आणि ती माझी चालणार नाही. मायला घाटीत न्यायला मी दुपारपर्यंत येतो म्हणालो होतो. फोन बंद करून मी शेंद्र्यात नव्या कामाचं विचारत फिरत होतो. आलो तेव्हा तुम्ही तिला अंघोळ घातलेली होती. तू मला एक शब्द बोलली नाहीस, म्हणून मीही कधी विचारलं नाही. दोन वर्षं मी त्यापासूनच पळतोय, नोकऱ्यांपासून नाही. अर्जात वेळ लिहायची जागा असते. किती वाजता गेली ते तुलाच माहीत आहे. तिथं लिहिशील तेव्हा मलाही कळव. आणि माझी वाट बघताना ती काही बोलली असेल तर तेही लिही, जसं बोलली तसं.

तुझाच,
बन्सी