न तपासलेल्या अकरा केबली

५ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले, उत्तर दिलं नाही म्हणून आई रोज बोलते. तिचा गुडघा दुखतो, पण मला चार शब्द सुनवायला तिला गुडघा लागत नाही. बाकी घरचं ठीक.

आता खरं लिहितो. दादा, माझ्या हातून फार वाईट झालंय.

आमच्या कारखान्यात तुमच्या लष्करी गाड्यांच्या जम्पर केबली बनतात, ते तुला ठाऊकच आहे. अंगठ्याएवढी जाड केबल, टोकाला तांब्याच्या नळीसारखा लग चढवायचा, प्रेसमध्ये दाबायचा, वर रबराची टोपी. टोपी चढली की आतला सांधा कसा बसलाय ते कुणाच्या बापाला दिसत नाही. दिसतं ते फक्त मीटरवर, आणि मीटरवर ती बसते. तीच, जिच्याबद्दल मागे मी चार पानं लिहिली आणि तू एका ओळीत विचारलंस, हे सगळं तिलाही ठाऊक आहे का.

सोमवारी सकाळी तिने सांगितलं की घरचे स्थळ बघतायत आणि तिने अजून नाही म्हटलेलं नाही. कॉलेज अर्धवट टाकलेल्या, महिन्याआड कुणाची तरी गचांडी धरणाऱ्या मुलाचं नाव घरी कोणत्या तोंडाने काढू, म्हणाली. माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, तुझा माझ्यावर विश्वासच नाही, असता तर माझ्या केबली मीटरला लावल्या नसत्यास. मग दिवसभर तिने माझी एकेक केबल हातात घेतली, माझ्याकडे बघितलं, आणि मीटरला न लावता शिक्का मारून बाजूला ठेवली. अकरा केबली. आणि दादा, मला आनंद झाला. तो दिवस मी हवेतच होतो.

संध्याकाळी पुसायला प्रेसची डाय, म्हणजे लग दाबायचा साचा, काढली, तर ती एक नंबर मोठी. शनिवारी जास्त जाड केबलीसाठी लावलेली, सकाळी बदलायची, ती मी रागाच्या भरात बदललीच नव्हती. म्हणजे अकराही केबलींचे लग सैल. धावत फाटकापर्यंत गेलो, तर पेट्यांना खिळे ठोकून ट्रक निघून गेलेला.

आज चौथा दिवस. कुणाला बोललो नाही, तिलाही नाही. माझं काय व्हायचं ते होवो, पण शिक्का तिचा आहे. वडील अंथरुणाला खिळलेले, घर तिच्या पगारावर. कदाचित काहीच होणार नाही, नाही का? तू त्या गाड्या रोज दुरुस्त करतोस, तूच सांग.

हवा तेवढा रागाव, फक्त लोभाला कात्री लावू नकोस.

तुझा,
भडकू

१३ जानेवारी

चि. भडकूस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या कानाखाली वाजवावीशी वाटली, पण पोस्टाने ती सोय नाही.

विचारलंस म्हणून सांगतो. इथे बर्फात सकाळी इंजिनातलं तेल डिंकासारखं झालेलं असतं. थिजलेली गाडी दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवर उठवायची तर सहा-सातशे अँपिअर त्या सांध्यातून ओढले जातात. सांधा सैल असला की तापतो, मग रबर वितळतं, मग तार सुटून लोखंडाला लागते आणि ठिणगीने बॅटरी फुटते. त्या वेळी बॅटरीवर जो वाकलेला असेल त्याचे डोळे जातात. तुझ्या ‘कदाचित’मध्ये एवढं बसतं.

आमच्याकडे तुमची नवी केबल नाही, सगळी गोदामं पालथी घातली. तरी जीव थाऱ्यावर नाही, कारण जिथे ती पोचली तिथेही कुणाचा तरी दादाच वाकणार.

मी साहेबांना सांगितलंय. खाली जाणाऱ्या गाडीतून हे पत्र तुला येतंय आणि त्यांचा कागद डेपोला. पण त्या कागदावर लॉट नंबर नाही, आणि नंबराशिवाय हजार केबलींतून डेपोवाले काय शोधणार? तो तुमच्या मालकांच्या रजिस्टरात आहे. आधी तिला सांग, मग लगेच त्यांच्याकडे जा. सरांनी वर्गाबाहेर जा म्हटलं तर तू कॉलेजच सोडून आलास. या वेळी दारातून आत जायचंय.

आईला यातलं काही कळू देऊ नकोस. रागावलोय, पण तुझाच आहे.

दादा

२२ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र हातात पडलं तसा उठलो. कारखान्यामागच्या नळावर ती डबा धूत होती. सगळं ऐकून तिने एवढंच विचारलं की डाय कितीची होती. मग ओला डबा तिथेच ठेवून सरळ मालकांच्या खोलीत गेली. मी पाठ केलेलं भाषण घेऊन मागे पोचेपर्यंत तिने सांगून टाकलं होतं की अकरा केबली न तपासता शिक्का मारला. का, ते सांगितलं नाही. मी म्हणालो, मीच तिला भाग पाडलं. मालकांनी विचारलं, शिक्का मारताना तू तिचा हात धरला होतास का.

त्यांनी तिथल्या तिथे डेपोला फोन लावला. चार दिवसांत दहा केबली परत आल्या. अकरावी आधीच वर कुठल्यातरी ठाण्याला गेलीय. त्या दहा सगळ्यांसमोर मलाच फोडायला लावल्या. लग ओढला की तारा हातात येत होत्या, लोण्यातून सुरी यावी तशा. ती भिंतीशी उभी राहून बघत होती.

तिला काढलं. मला ठेवलं, कारण प्रेसवर दुसरा माणूस नाही आणि बदली केबली तातडीने हव्यात. मी राजीनामा फेकायला निघालो तर तिने फाटकात अडवलं. म्हणाली, निघून जाणं तुला सोपं पडतं, तेवढं तरी करू नकोस. आणि म्हणाली, तू माझा विश्वास मागितला नव्हतास, माझं काम मागितलंस, आणि मी दिलं, ते मला स्वतःला माफ करता येत नाही. घरी येऊ नकोस, स्थळाला होकार कळवलाय. अकरावीचं काय झालं तेवढं मात्र कळव.

दादा, माझं आता काहीच उरलं नाही. रोज सकाळी वाटतं, आत्ता कुणीतरी ती बॅटरीला लावतोय. जमलं तर ती शोध. या नालायकाला तुझ्यावाचून कुणी नाही.

भडकू

४ फेब्रुवारी

चि. भडकूस,
अनेक आशीर्वाद.

सापडली.

साहेबांच्या परवानगीने मीच आसपासची ठाणी हिंडलो. चौथ्या ठाण्यावर डेपोने कळवलेला लॉट नंबर जुळला. ड्रायव्हर तुझ्याच वयाचा, ओठ फुटलेले. केबल द्यायला तयार होईना. म्हणाला, जुन्या केबली बर्फासारख्या गार असतात, ही छान गरम होते. रोज गाडी उठवली की तो दोन्ही हातांनी तिचा सांधा धरून बसतो, तेव्हा कुठे बोटं उघडतात. बाकीचे त्याच्या मागे रांग लावतात.

रबर तपकिरी पडून चिकट झालं होतं. ओढलं तर अर्ध्या तारा माझ्या मुठीत आल्या. अजून दोन-तीन सकाळी निघाल्या असत्या, जास्त नाही. सगळ्यांचे हात आणि डोळे शाबूत आहेत, मी एकेकाचे बघून आलो.

तिला हे आजच कळव. सोबत माफी, विनवण्या काही जोडू नकोस.

मी त्याला जुनी केबल दिली तेव्हा तो हिरमुसला. ती कुणी बनवली ते मी बोललो नाही. निघताना तो गाडीमागे धावत आला आणि म्हणाला, कारखान्यात ओळख असेल तर बनवणाऱ्याला सांगा, अशाच बनवत जा. मी हो म्हणालो.

आईला नमस्कार. लोभ आहे तेवढाच आहे.

दादा