हुकमापुरतं इंग्रजी

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की हैदराबादेत नारायणगुड्यातल्या आपल्या शाळेच्या जागी आता साड्यांचं दुकान आहे, हेही तुम्हाला ठाऊक नसणार. आज ओटा पुसता पुसता तुमची अशी आठवण आली की दुधाचा हिशेब तसाच ठेवून लिहायला बसले.

तुमचा तास म्हणजे पितळेचा तांब्या. घरून पिशवीत घालून आणायचात, टेबलावर ठेवायचात आणि एकेकीला पुढे बोलवायचात. पिक इट अप. टर्न इट ओव्हर. पुट इट डाऊन. टेक इट अवे. ब्रिंग इट बॅक. तोंडानं म्हणायचं आणि हातानं करायचं. "हात शिकला की तोंड आपोआप शिकतं गं," असं तुम्ही म्हणायचात. एकदा मी "पिक अप इट" म्हणाले, तर तुम्ही दोन दांडग्या मुलींना हाताची पालखी करायला लावलीत. एक झाली 'पिक', दुसरी 'अप', आणि वर्गातली सगळ्यात काटकुळी म्हणून मला मध्ये बसवलंत. "ही 'इट'. हिची जागा मध्ये. बाहेर बसवलीत तर पडेल." मग माझ्याकडे बघून म्हणालात, "आणि तू घरी जाऊन नीट जेवत जा. तांब्यासुद्धा तुझ्यापेक्षा जड आहे." सगळा वर्ग हसला. मी घरी जाऊन रडले, पण त्या शब्दाची जागा माझ्या तोंडून पुन्हा कधी चुकली नाही. मॅट्रिकला इंग्रजीत पास झाले ती त्या तांब्याच्या जोरावर. पुढे लग्न झालं, आणि संसारात इंग्रजीचं काम कधी पडलंच नाही.

आता पडलं. लेकीचं आणि जावयांचं बिनसलं आहे. ते तेलुगू, ही मराठी. तिकडे अमेरिकेत दोघं एकमेकांशी इंग्रजीतच बोलायची, त्यामुळे माझ्या पाच वर्षांच्या नातीला तेवढी एकच भाषा येते. वेगळं घर आणि नोकरी यांचं काही जमेपर्यंत लेकीनं तिला माझ्याकडे आणून ठेवलं. आल्या आल्या पोरगी बुटांसकट दिवाणावर चढली. मी म्हटलं, "टेक देम ऑफ." तिनं मुकाट्यानं काढले. हे पेपरातून मान वर करून म्हणाले, "क्या बात है! इतकी वर्षं घरात मेमसाब होती, आपल्याला पत्ताच नाही." मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग दिवसभर तेच. पंखा चालू राहिला, टर्न इट ऑफ. पाणी सांडलं, वाइप इट अप. ताटात वरणभात उरला, फिनिश इट अप. आमच्या घरात अन्न टाकत नाहीत. ती सगळं ऐकते. मी देवापुढे हात जोडून सांगितलंसुद्धा, पोर गुणी आहे, रुळली.

रोज संध्याकाळी लेकीचा फोन येतो, तिला मुलीचा चेहरा बघायचा असतो. गेल्या आठवड्यात एकदा मी शेजारी तांदूळ निवडत होते. नात फोन तोंडाशी धरून हळू काहीतरी बोलली आणि आत निघून गेली. लेक म्हणाली, "आई, तू तिच्यावर सारखी ओरडतेस का?"

"मी? आवाजसुद्धा चढवत नाही गं."

"ती म्हणते, आजीला मी आवडत नाही. आजी नुसती ऑर्डर सोडते. हे उचल, ते ठेव, नळ बंद कर."

"मला तेवढंच येतं," मी म्हटलं.

"तुझीही ओढाताण होतेय, आई. मी येते पुढच्या आठवड्यात. तिला बंगळुरूला ताईकडे ठेवते. तिची मुलं इंग्रजी बोलतात, हिला सोबत होईल." ताई म्हणजे माझ्या बहिणीची मुलगी, चांगली आहे. मी "बरं" म्हटलं. फोन ठेवल्यावर हे म्हणाले, "बरं काय म्हणतेस? नक्को ले जा म्हणून सांग की तिला." मी म्हटलं, "तुम्ही सांगा." "मी बोललो की भांडण होतं, तुला माहीतच आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सोवळ्यात पूजेला बसले. बाळकृष्णाला ताम्हनात घेऊन कोमट पाणी घालताना मी त्याच्याशी बोलते. माझी आई बोलायची, तसंच. "झालं हं राजा, गार नाही ना पाणी?" नात उंबऱ्यावर उभी होती. "इज ही कोल्ड?" तिनं विचारलं. मी होकारार्थी मान हलवली. "ड्राय हिम ऑफ, आजी," ती म्हणाली. "रॅप हिम अप." मी मऊ फडक्यानं त्याला पुसलं, गुंडाळलं. बाई, तेही हुकूमच होते. माझ्यासारखेच. पण तिच्या तोंडून ते किती माया घेऊन आले. मग माझ्या तोंडचे तिला का टोचले असतील? मी शिकताना समोर तांब्या होता म्हणून की काय, कोण जाणे. देवाशी बोलत होते त्याच आवाजात मी मराठीतच म्हटलं, "ये गं बाळा, आता तू ये." शब्द तिला कळले नसणार. तिनं दोन्ही हात वर केले. "पिक मी अप."

तिची अंघोळ व्हायची होती, देवाचा नैवेद्य व्हायचा होता, आणि मी सोवळ्यात. उचललं. कंबर ठणकायला लागली तरी ती 'पुट मी डाऊन' म्हणेल म्हणून वाट बघत उभी राहिले. ती म्हणाली नाही. नंतर मी पुन्हा अंघोळ करून पूजा पहिल्यापासून केली. ह्यांनी सगळं पाहिलं.

तेव्हापासून ती माझ्या मागे मागे असते. मी मराठीत बोलते, ती इंग्रजीत, दोघींना अर्धं कळतं. पण एका सकाळीनं तिकीट थोडंच रद्द होतं. काल 'मम्मा येणार' म्हटल्याबरोबर तिनं आपली बाहुली बॅगेत भरून ठेवली. आनंदानं भरली की सवयीनं, मला ओळखता आलं नाही. लेक परवा येते आहे.

बाई, तुमच्यावर रुसून लिहीत नाही. तुम्ही दिलंत तेवढं इंग्रजी मला दुसऱ्या कोणी दिलं नाही. विनंतीची वाक्यं पुढल्या वर्षी घेऊ म्हणाला होतात, आणि त्या वर्षी माझं लग्न ठरलं, मॅट्रिकला बसले ती घरूनच. त्यात तुमचा काय दोष. हा कागद कुठे पाठवायचा नाहीच, मागची बाजू कोरी आहे, वाण्याच्या यादीला होईल. फक्त एक सांगते. लेकीला जे सांगायचं आहे ते मराठीतच आहे, 'तिला राहू दे माझ्याजवळ', एवढंच. आज सकाळपासून दोनदा फोन लावला, आणि दोन्ही वेळा 'जेवलीस का' विचारून ठेवून दिला.