काम झालं, घरी जा

४ नोव्हेंबर
आज पोलीस ठाण्याचा चार्ज घेतला. ऐसपैस खोली, मोठी खिडकी, न डगमगणारं टेबल. नशीब फळफळलं म्हणायचं. मागेच क्वार्टर. बायको माहेरून येईपर्यंत मी एकटा राजा. माणसं मात्र एकेक नग. हवालदाराचं पोट त्याच्या आधी खोलीत शिरतं. संध्याकाळच्या हजेरीनंतर त्याने मला कोपऱ्यातल्या चार काठ्यांसमोर उभं केलं. शंभर वर्षांपूर्वीच्या फ्लूच्या साथीत इथले चार अंगठाछाप शिपाई दारोदार काठी ठोकून विचारत, घरात कोण आहे? आतून आवाज आला नाही की दार फोडायचं, दोन काठ्यांना घोंगडी बांधायची आणि मढं गावाबाहेरच्या खड्ड्यात टाकायचं. शेवटी तेही त्याच तापाने गेले. त्यांना सुटी द्यायला साहेबच उरला नव्हता. म्हणून रोज साहेबाने काठ्यांना सांगायचं, काम झालं, घरी जा. साहेबानेच, तेही मोठ्याने. मी पोट धरून हसलो.

६ नोव्हेंबर
हवालदार पुन्हा आठवण करून द्यायला आला. मी लाकडांना हुकूम सोडत नाही, असं सुनावलं आणि काठ्या अडगळीत टाकायला लावल्या. सगळ्यांचे चेहरे सुतकी. ताप आला, मेले. त्यात शौर्य कसलं?

७ नोव्हेंबर
भरदुपारी कोणीतरी दारं ठोकत फिरतंय, अशा तक्रारी. ओ दिली की पुढे जातं म्हणे. अख्खं गावच खुळं. हवालदार अडगळीच्या दाराकडे बोट दाखवायला लागला, त्याला झाप झाप झापलं. ओरडून घसा बसला.

९ नोव्हेंबर
बहिरा शिंपी मेला. दुकानाचं दार फोडलेलं. तो जुन्या खड्ड्यात सापडला, घोंगडीत गुंडाळलेला. घशात माती होती. म्हणजे टाकला तेव्हा श्वास चालू होता. त्याला हाक ऐकूच गेली नसणार, असं हवालदार म्हणाला. अक्कल पाजळतो मेला.

११ नोव्हेंबर
ताप. अडगळीत काठ्या नाहीत. कोणाचा तरी चावटपणा असणार. तरी हजेरीला गेलो. म्हणणार होतो, हो, लाज गुंडाळून म्हणणार होतो. तोंड उघडलं. घशातून नुसती हवा. माझ्या वतीने हवालदार ओरडला, पण कोपरा रिकामाच.

१२ नोव्हेंबर
दुपार. क्वार्टरच्या दारावर काठीचं टोक. घरात कोण आहे?

मी आहे. ओठ हलतात, आवाज नाही. भांडी फेकली, टेबल आपटलं. त्यांना माणसाचा आवाज हवाय —

पान फाडून दाराखालून सरकवलं. काम झालं, घरी जा. मोठ्या अक्षरात. तसंच पडलंय. अडाणी कुठले, वाचता कुठे येतं —

पुन्हा विचारलं. शेवटचं असावं.

बिजागरी निघाली. चौघं. घोंगडी उलगडताहेत. मी जिवंत आहे, गाढवांनो, नीट बघा, डोळे उघडे आहेत, हा हात लिहितोय, हा हा